गोठ्यात लाईन कोणी न्यायची?

पाटण तालुक्यात एकदा पाऊस लागला की गोठ्याची जमीन दसऱ्यापर्यंत वाळत नाही. शेण, मूत, खळग्यात साचलेलं पाणी, वर पत्र्याच्या भोकातून लागलेली गळती. अशा गोठ्यात दिवा हवाच, कारण पहिली धार अंधारात काढायची असते. आणि आता कडबाकुट्टीही हवी, कारण हाताने चाक फिरवायला घरात माणसं उरलेली नाहीत. घर आणि गोठा यांत अंतर साठ फुटांचं. घरात वीज आहे, गोठ्यात नाही. तेव्हा वायरचं बंडल आणायचं, एक टोक घरातल्या बोर्डात, दुसरं गोठ्यात. अर्ध्या दिवसाचं काम.

हे काम मालकाने स्वतः करावं का, यावरून एका मामा-भाचीत जुंपली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. मामांच्या दावणीला चार म्हशी, दोन गाई. पंपाचा स्टार्टर खोलण्यापासून मोटारीचं बुश बदलण्यापर्यंत सगळं ते स्वतः करतात आणि ते सांगायला त्यांना आवडतं. भाची आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या मुलांना शिकवते. आवाज दोघांचाही चढा.

मामा : साठ फूट वायर, दोन दिवे, एक प्लग. एवढ्यासाठी तुझा परवानावाला? तो तालुक्याहून येणार, आज येतो उद्या येतो करत पंधरवडा घालवणार, आणि आल्यावर पक्कड माझ्याकडेच मागणार. विहिरीवरची मोटार इतकी वर्षं कोण सांभाळतंय? डीपीवरचा फ्यूज गेला की कोण घालतंय?

भाची : डीपीला हात लावणं अजून चालूच आहे का? मामा, ते आधी बंद करा. ती महावितरणची वस्तू आहे, १९१२ला फोन लावायचा.

मामा : फोन लागेपर्यंत ऊस वाळतो, पोरी.

भाची : बरं, ते भांडण वेगळं. मोटारीचंच बोलू. विहिरीवरच्या मोटारीजवळ रात्री कोण असतं? कोणी नाही. गोठ्यात सहा जनावरं लोखंडी साखळीने लोखंडी खुंट्याला बांधलेली, रात्रभर ओल्यात उभी. माणसाला झटका बसला तर तो निदान मागे तरी सरतो. त्यांना सरायला जागाच नाही.

मामा : म्हणून तर नीट करणार आहे. वायर पाईपमधून नेतो, जोड कुठे देत नाही, चिकटपट्टीचं काम नाही. अजून काय?

भाची : वायर कितीची आणली?

मामा : एक एमएम.

भाची : आणि कुट्टी?

मामा : दोन एचपी.

भाची : दोन एचपीची मोटार चालू असताना नऊ-दहा अँपिअर ओढते, सुरू होताना त्याच्या पाचपट. साठ फूट जाणं, साठ फूट येणं, एक एमएमच्या तारेत सुरुवातीला पस्तीसएक व्होल्ट वाटेतच जिरतात. संध्याकाळी तुमच्याकडे १९० व्होल्ट येतात. उरले दीडशे. मोटार नुसती घूं-घूं करणार, फिरणार नाही आणि आतून भाजत राहणार.

मामा : चारची वायर आणतो. झालं?

मामांचं हे "आणतो" पुढे सारखं येत राहिलं. भाची अडचण दाखवी आणि मामा दुकानात जायला निघत. मला ते हट्टाचं वाटलं नाही. आयुष्यभर शेतीची यंत्रं सांभाळलेल्या माणसाचा तो रोकडा स्वभाव आहे: दोष कळला ना, मग वस्तू बदलू. भाचीचा सगळा प्रयत्न हे पटवण्याचा होता की या कामातले काही दोष कळतच नाहीत.

भाची : वायरिंगमधली खरी भीती ही आहे, मामा, की चुकीचं केलेलंही चालतं. अर्थिंग नसलं तरी दिवा लागतो. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसलं तरी दिवा लागतो आणि विझतोही. होल्डर मात्र बटण बंद असतानाही जिवंत राहतो. गवंड्याची भिंत वाकडी आली तर रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसते. इथे चुकलेलं आणि बरोबर, दोन्हींचा उजेड सारखाच पडतो.

मामा : मी टेस्टर लावून बघतो की.

भाची : टेस्टर फेज कुठे आहे तेवढंच सांगतो.

मामा : आणि अर्थिंग मी केलेलं आहे! आठ फुटी पाईप, कोळसा, मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. गोठ्याच्या मोरीलगतच खड्डा घेतला, म्हणजे ओल कायम राहील.

भाची : किती ओहम आलं?

मामा : ते कोण मोजतं?

भाची : मग आपण धरू. मुरमाड जमीन, एकच पाईप. वीस ओहम धरते. डीपीचं तीन. मिळून तेवीस. आता समजा, कुट्टी बंद आहे पण प्लग आत आहे, आणि फेजची तार बटणाच्या अलीकडेच घासून मशीनच्या बॉडीला लागली. २३० भागिले २३?

मामा : दहा.

भाची : दहा अँपिअर. तुमच्या बोर्डातली एमसीबी कितीची?

मामा : सोळाची.

भाची : मग पडेल का ती?

मामा काही बोलले नाहीत.

भाची : नाही पडणार. तिच्या लेखी दहा अँपिअर म्हणजे रोजचाच भार. वीस ओहमात दहा अँपिअर, म्हणजे मशीनच्या बॉडीवर २०० व्होल्ट उभे, तेही अर्थिंग केलेलं असताना. दिवा लागलेला, सगळं शांत. फक्त मीटरवर तासाला सव्वादोन युनिटं जास्त पडत राहतील. बिल आल्यावर कळेल, नाहीतर त्याआधी म्हैस सांगेल.

मामा : मग एमसीबी कशाला असते?

भाची : वायर जळू नये म्हणून. जीव वाचावा म्हणून नाही. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. आणि छातीतून पन्नास-शंभर मिलिअँपिअर जरा वेळ गेले तरी काळजाचे ठोके बिघडू शकतात. त्यासाठी आरसीसीबी असते. गावात सगळे तिला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पुरती परत आली का, एवढंच ती बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की लाईन तोडते. तुमच्या त्या वीस ओहमच्या खड्ड्यालाही ती पुरते.

मामा : मग तीच आणतो. दोनेक हजाराला मिळते ना? म्हशीच्या किमतीत ते काय!

इथे मला वाटलं, मामा जिंकले. खरंच, आरसीसीबी बाजारात मिळते, ती बसवायची रीत खोक्यावर छापलेली असते, आणि जिने जीव वाचतो ती वस्तू हौशी माणसाला विकत घेता येत असेल तर परवान्याचं घोडं कुठे अडलं? भाची मात्र हसत होती.

भाची : आणा, बसवा. आणि बसवल्या दिवशीच काढून टाकाल.

मामा : का म्हणून?

भाची : मागच्या खोपीत न्यूट्रल तुटलं तेव्हा तुम्ही जमिनीत सळई रोवून दिवा लावला होता. तो तसाच आहे ना?

मामा : लागतोय की चांगला.

भाची : लागणारच. पण ती वीज फेजमधून गेली आणि जमिनीत मुरली, परत आलीच नाही. आरसीसीबीच्या हिशेबाने ती गळतीच. खोपीचं बटण दाबलं की घराची लाईन जाणार. आणि दुसरं, तुमच्या स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून ठेवली आहे, मी मागे उघडून बघितलंय. तिथे मिक्सर लावला की पुन्हा जाणार. मग तुम्ही म्हणणार, ही ईएलसीबीच खराब निघाली, आणि तिला बाजूला ठेवून थेट जोडणार. गावात किती जणांनी असंच केलंय विचारा. ती खराब नसते, मामा. ती घरातली जुनी पापं दाखवते, म्हणून नकोशी होते.

आता मामांना सापडलं. त्यांनी मांडी बदलली.

मामा : थांब. त्या प्लगमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एक कोणी केलं? मी? घराची वायरिंग मी नाही केली. परवानावाल्या ठेकेदाराच्या माणसाने केली, पैसे मोजून. मीटर मिळायला टेस्ट रिपोर्ट लागतो म्हणून त्यावर ठेकेदाराची सही आणली. तो ठेकेदार या घराची पायरी चढलेला नाही. सही आली, शिक्का आला, माणूस आला नाही. त्याने मोजलं का तुझं ओहम? त्याने मोजायचं नाही ते चालतं, मग मी मोजलं नाही तर काय बिघडलं? मी निदान माझ्या म्हशीसाठी जीव लावून करीन.

याला भाचीजवळ चटकन उत्तर नव्हतं, आणि ते असायलाही नको होतं. हौशी लोकांना नावं ठेवणारे बहुतेक जण हा प्रश्न टाळतात. परवाना कागदावर असतो, काम कोणातरी पोराकडून होतं, आणि तपासणीच्या नावाखाली दिवा लावून बघितला जातो. मालकानेही तेच केलं तर निकाल सारखाच. उलट पाईपला उतार कुठे द्यायचा, उंदीर कुठून येतात, म्हैस कुठे शिंगं घासते, हे मालकाला जास्त ठाऊक असतं.

भाची : ठेकेदाराने केलं ते वाईटच. त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्याने मोजलं नाही म्हणून मोजायची गरज गेली, असं कसं? आमच्या पोरांना दोन वर्षं शिकवतो त्यात तारा पिळायला शिकवायला महिना पुरतो. बाकीचा वेळ मेगर लावून तारांचं इन्सुलेशन तपासणं, अर्थ टेस्टर लावणं, दोष कुठे लपतो ते शोधणं यातच जातो. वायर, आरसीसीबी, चारचं बंडल सगळं तुम्ही आणाल. मेगर आणाल का? आणलात तरी त्यावरचा आकडा बरा की वाईट, कोण सांगणार?

मामा : तू सांग.

भाची : सांगते ना. आधी हे सांगते की तुमचा खड्डा चुकीच्या जागी आहे.

मामा : मोरीलगत? ओल असते तिथे!

भाची : ओल असते, आणि म्हशीही असतात. दोष झाल्यावर तो खड्डाच २०० व्होल्टवर जातो. त्याच्याजवळची जमीन जास्त व्होल्टवर, लांबची कमी. माणसाचे दोन पाय जवळजवळ असतात, त्यामुळे दोन पायांतला फरक थोडा. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय चार-पाच फुटांवर, आणि वीज एका जोडीतून दुसरीत जाते ती काळजावरून. वर त्यांच्या अंगाचा विरोधही आपल्याहून कमी, हिशेबाला गाईचा ५०० ओहम धरतात, माणसाचा हजार. म्हणजे मशीनला न शिवताही नुसती उभी असलेली म्हैस पडू शकते. तुमच्या अंगाला मुंगीही चावल्यासारखं होणार नाही आणि तिला ते कळेल. गाय गव्हाणीला तोंड लावेना, धारेला लाथा मारायला लागली, तर कधी कधी कारण जमिनीतल्या दोन-चार व्होल्टचं असतं.

मामा : हे मला ठाऊक नव्हतं.

भाची : माझ्या शेजारच्या घराची वायरिंग करणाऱ्यालाही ठाऊक नसेल. घर आणि गोठा यांत फरक आहे तो हाच. युरोपात गोठ्याची फरशी करतानाच आत लोखंडी जाळी घालतात आणि खुंटे, गव्हाणीचे नळ, पत्र्याचे खांब सगळं तिला जोडून अर्थला देतात, म्हणजे चारी पायांखाली सारखंच राहतं. आणि हवा बघा गोठ्यातली. डोळे चुरचुरतात ना सकाळी? तो अमोनिया. तो पितळेचे, तांब्याचे जोड खाऊन टाकतो. आज घट्ट बसवलेला स्क्रू दोन पावसाळ्यांनी हिरवा पडतो, सैल जोड तापतो, आणि वर माळ्यावर कडबा.

कडब्याच्या आगीचं बोलणं त्यांनी फार लांबवलं नाही; ती भीती मामांना सांगावी लागत नाही.

मामा : बरं. मग तूच ये. रविवारी ये, तू जोड, तू मोज. तुझ्याकडे परवाना आहे ना?

भाची : परवाना आहे, पण ठेकेदाराचं लायसन्स नाही. नवी लाईन काढायची तर काम लायसन्सवाल्या ठेकेदाराकडूनच व्हायला हवं, वर सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्याची देखरेख. १९५६च्या नियमांत ४५वा नियम हाच होता. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे विनियम आणले, २०२३ साली पुन्हा आणले, पण ही अट राहिली. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदला, कोणी अडवत नाही. त्यापुढे नाही.

मामा : म्हणजे पोरांना वायरिंग शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या मामाच्या गोठ्यात तार जोडता येत नाही, आणि घराची पायरी न चढलेल्या ठेकेदाराची सही चालते! वा रे कायदा!

भाची हसली, पण वाद तिने सोडला नाही. न्यूझीलंडचं उदाहरण दिलं. तिथे १९९२च्या वीज कायद्याने मालकाला स्वतःच्या राहत्या घराची काही वायरिंग स्वतः करू दिली आहे, पण वीज सोडण्यापूर्वी निरीक्षकाकडून ती तपासून घ्यावी लागते. इंग्लंडात २००५पासून घराच्या वायरिंगला बांधकामाचे नियम लागू आहेत. बागेतल्या शेडला नवं सर्किट नेणाऱ्या हौशी माणसाने आधी स्थानिक बांधकाम विभागाला कळवायचं असतं, मग काम त्याने स्वतः केलं तरी चालतं. मामांना न्यूझीलंडची रीत एकदम पटली. "तसं असतं तर मी आजच अर्ज केला असता," म्हणाले.

माझंही मत त्याच बाजूला झुकतं. आपल्या नियमाने हात कोणाचा असावा हे ठरवलं आणि मोजमाप सहीवर सोडलं. उलटं हवं होतं. चर खणणं, पाईप पुरणं, बोर्ड ठोकणं यात जीव जाण्यासारखं काही नाही. मामांनी ते खुशाल करावं, ते ठेकेदाराच्या पोरापेक्षा चांगलंच करतील. पण नियम बदलेपर्यंत आणि बदलल्यावरही, गोठ्यातल्या लाईनची जोडणी हौशी माणसाने करून वीज सोडू नये. त्याची अक्कल कमी असते म्हणून नव्हे. आपलं काम चुकलंय का, हे बघण्याचं साधन त्याच्याजवळ नसतं म्हणून. पत्र्याचं छप्पर, ओली जमीन आणि बांधलेली जनावरं यांच्यामध्ये "लागतोय की चांगला" एवढ्यावर भागत नाही.

आणि दुसरा निम्मा कौल मामांच्या बाजूने. पैसे देऊन ठेकेदार आणलात तर पैसे देण्याआधी अर्थिंगचं ओहम मीटर लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा आणि आकडा बिलावर लिहून घ्या. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचीच आहे ना, हे तिच्यावर छापलेलं असतं, ते वाचा. तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का बघा, आणि पुढे महिन्याला एकदा दाबत जा. त्या बटणाने तिचं स्वतःचं यंत्र तपासलं जातं, अर्थिंग नाही, हेही ध्यानात असू द्या. मोजायला कुरकुर करणारा ठेकेदार असेल तर दुसरा बघा.

मामांनी खोपीतली सळई त्याच संध्याकाळी उपटली. मोरीलगतचा खड्डा सोडून आता गोठ्यापासून लांब, बांधाकडे नवा खड्डा घेतला आहे, तोही स्वतः खणून. चारची वायर आणून ठेवली आहे. ठेकेदार अजून आलेला नाही. कुट्टी हातानेच चालू आहे.

पावसाळ्यात एखादं जनावर विजेने पडलं तर एक पाळा. त्याला सोडवायला धावू नका, साखळीला हात लावू नका. आधी घरात जाऊन मेन स्विच पाडा, मगच गोठ्यात पाय टाका. लाईन खांबावरून तुटून पडली असेल तर घरचा मेन पाडून ती मरत नाही. लांब उभे राहा, इतरांना लांब ठेवा आणि १९१२ला कळवा. विजेच्या अपघाताची खबर देणं २००३च्या विद्युत अधिनियमाच्या १६१व्या कलमाने बंधनकारक केलं आहे, आणि त्या कलमात माणसाबरोबर जनावराचाही उल्लेख आहे.